चिमीने आणलेला जुना प्रोसेसर

ऑफिसात तिला सगळे ड्राफ्ट्समनबाई म्हणत. मॅन आणि बाई एकाच शब्दात कसे नांदतात, हा प्रश्न तिथे कधी कुणाला पडला नाही. इमारतींचे नकाशे काढण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. मालकांनी ऑफिसची जागा सोडली तेव्हा ते तिला म्हणाले, “काम घरून करा. नकाशे आमचे, कॉम्प्युटर तेवढा तुमचा.”

दुकानातले तयार कॉम्प्युटर तिच्या मनास येईनात. मोठे नकाशे पेलायला दणकट ग्राफिक्स कार्ड हवं होतं, आणि तयार मशीनमध्ये नको त्याच गोष्टींचा भरणा. तिने सुटे भाग घेऊन स्वतःच जोडायचं ठरवलं. घटस्फोटानंतर घेतलेल्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नव्हतंही.

मग ती त्यात बुडालीच. प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये बसला पाहिजे, रॅम बोर्डाला चालेल त्याच जातीची पाहिजे, पॉवर सप्लायने सगळ्यांचा भार उचलला पाहिजे. एक भाग बदलला की बाकीच्यांची चौकशी पुन्हा पहिल्यापासून. स्वतःचं लग्न ठरवताना आपण याच्या निम्मीही चौकशी केली नव्हती, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला?

तिने कॅबिनेटचा मापात नकाशा काढला. कार्डाचं टोक पुढच्या पंख्याला खेटत होतं, म्हणून कॅबिनेट बदललं. शेवटी खोकी आली. जेवायच्या टेबलावर चादर अंथरून तिने सगळं जोडलं, वायरी नीट बांधल्या आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. तिने सगळं सोडवून पुन्हा जोडलं. तरी तेच.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “सॉकेट बरोबर आहे, बाई. पण तो बोर्ड बरेच दिवस पडून होता. त्याच्या आतला मूळ प्रोग्राम तुमच्या प्रोसेसरच्या आधीचा आहे. तो ह्याला ओळखत नाही.”

“मग आता?”

“जुना प्रोसेसर लावून प्रोग्राम नवा करायचा, मग हा परत बसवायचा. माझ्याकडे जुना नाहीये. ओळखीत कुणाकडे मिळतो का बघा.”

ओळखीत एकच होती. चिमी, पूर्वीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायची. सासरी त्या दोघींचं गूळपीठ होतं. घटस्फोट झाला तेव्हा त्यांचं भांडण काही झालं नव्हतं. फोन आधी कुणी करायचा हे ठरलं नाही, म्हणून कुणीच केला नाही.

नंबर अजून फोनमध्ये होता. आता आपण कोण बोलतोय म्हणून सांगायचं, याची तिने मनाशी तयारी केली. ती वेळच आली नाही.

“वहिनी?” चिमी म्हणाली.

तिने घाईघाईने अडचण सांगितली. चिमीने बोर्ड कुठला ते विचारलं आणि म्हणाली, “रविवारी दुपारी येते. तोवर कशाला हात लावू नकोस.”

चिमी आली ती थोडी जाड होऊन, चष्मा लावून. तिने दोन्ही खोल्यांवरून नजर फिरवली, पण बोलली कॅबिनेटकडे बघून. “वायरी काय सुरेख बांधल्यास गं.” मग तिने पंखा काढला, त्याखालची करडी पेस्ट फडक्याने पुसली, नवा प्रोसेसर उचलून आपल्याजवळचा जुना बसवला. पडदा उजळला. प्रोग्राम नवा व्हायला लागला आणि पडद्यावरची पट्टी हळूहळू भरू लागली. दोघी चहा घेऊन त्या पट्टीकडे बघत बसल्या.

“आईंची तब्येत कशी आहे?”

“गुडघ्यांनी दगा दिलाय. जिना उतरत नाही हल्ली.” मग आपणहून चिमी म्हणाली, “दादा बरा आहे.”

तेवढ्यात चिमीचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, पण दार उघडंच होतं.

“हो दादा. मैत्रिणीकडे आलेय, तिचं मशीन अडलंय. वहिनीला सांग, जेवायला थांबू नका.”

त्याने दुसरं लग्न केल्याचं तिच्या कानावर आलं होतं. पण चिमीच्या तोंडून ‘वहिनी’ दुसऱ्याच कुणासाठी ऐकताना ती कपाकडे बघत राहिली.

चिमी आत आली आणि तिचा चेहरा बघून उभीच राहिली. “पटकन काय सांगावं कळेना गं.”

“बरोबर सांगितलंस,” ती म्हणाली.

पट्टी भरली. चिमीने नवा प्रोसेसर परत बसवला, आणि या वेळी तो चालला. दोघींना हसू आलं.

“अजून थोडा चहा टाकू?”

“नको, निघते. काही अडलं तर फोन कर.”

काम सुरळीत सुरू झालं. मशीन अडायचं नाव घेईना. काही आठवड्यांनी एका मोठ्या इमारतीच्या नकाशाला रॅम कमी पडू लागली. कोणती घ्यायची ते तिला पाठ होतं, तरी तिने मेसेज करून चिमीला विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं, अचूक, जातीसकट. खाली लिहिलं होतं, “बसवायला सोपी आहे. तुला जमेल.”

तिला जमलं. तिने “बसली” असं कळवलं. चिमीचा अंगठा आला. त्याखाली आणखी काही येतंय का, हे तिने थोडा वेळ पाहिलं. मग फोन पालथा ठेवला आणि इमारतीचा जिना काढायला घेतला.