सासूच्या खडपावरची पिशवी

बाळांनो, तुम्ही तिकडे ज्यांना ऑयस्टर म्हणता ती आमची कालवं. पूर्णगडच्या खाडीत ती खडकांना चिकटून वाढायची. ओहोटी लागली की शिंपले मिटताना त्यांची बारीक टकटक दूरवर ऐकू यायची. पुढे गाळ वाढला, कालवं मेली आणि खाडी मुकी झाली.

कालवांची पिल्लं चिकटून पुन्हा रुजावीत म्हणून संशोधकांनी तीन उपाय करून पाहिले: जांभ्याचे चिरे, सिमेंटच्या फरश्या आणि रिकाम्या शिंपल्यांनी भरलेल्या जाळीच्या पिशव्या. सगळं एका रांगेत, सारख्या अंतरावर. मी निवृत्त शिक्षिका; नोंदी ठेवायचं काम मी मागून घेतलं. शिंपले दिले ते कालवं काढणाऱ्या एका विधवेने. तिच्या परसात सासूने आयुष्यभर फोडलेल्या कालवांचा ढीग होता. वर्षभरात एकही कालव धरलं नाही तर घराला कुलूप लावून मुंबईला मुलाकडे जायचं, असं तिने ठरवलं होतं. आता वर्ष संपत आलं होतं आणि मुलगा दोन दिवसांनी न्यायला येणार होता.

भर दुपारच्या ओहोटीला आम्ही दोघी शेवटची पाहणी करायला गेलो. वारा पडला होता. चिरे कोरे, फरश्यांवर गाळ, पिशव्यांत चिखल. मी तसं लिहिलं.

तेवढ्यात टकटक ऐकू आली. रांगेतून नाही, खाडीच्या मुखाकडच्या खडपावरून, पाण्यातल्या उघड्या कातळावरून. तिथे आम्ही काहीच ठेवलं नव्हतं.

ती खाली बघत म्हणाली, "बाई, रागावू नका. एक पिशवी मी तिकडं नेऊन बांधलीय, मागनं बघायचा धीर झाला नाही. सासूबायचा खडप हाय तो. स्वप्नात आली नि म्हणाली, माझे शिंपले गाळात कशाला घालतेस?"

"आणि मी वर्षभर लिहितेय, एक पिशवी वाहून गेली."

"रांग तुमची हुती, बाई. पाणी तुमचं नव्हतं."

पिशवी कालवांनी भरून गेली होती, दोन-दोन बोटं रुंद. सवयीने तिने कोयती उचलली. तिची सावली पडली मात्र, सगळी टकटक एकदम थांबली. तिचा हात तसाच वर राहिला.

"वळखतात," ती पुटपुटली.

सावली पडली की कालवं मिटतात, हे मीच वर्गात शिकवलेलं. तरी तिच्याआधी मागे सरले ती मी. लांब उभ्या राहून आम्ही ऐकत होतो. बऱ्याच वेळाने एक कालव वाजलं, मग दुसरं.

तिने कोयती कमरेला खोचली आणि तिथूनच मुलाला फोन लावला.

"कालवं लागलीत. न्यायला येऊ नको."