अकरा खजूर

मी मूळचा श्रीवर्धनचा. रियाधमध्ये एका फुटबॉल क्लबची गाडी एकोणीस वर्षं चालवतोय. कोचना विमानतळावरून आणायचं आणि हरले की परत सोडायचं, हे माझं काम. त्यांतला एक स्पॅनिश कोच मात्र डोक्यातून जात नाही.

मागच्या सीटवर मी खजुराचा डबा ठेवायचो. तो त्यातले अकरा खजूर मांडीवरच्या फाईलवर मांडायचा आणि माझ्याइतक्याच मोडक्या इंग्रजीत मला खेळ समजवायचा. आदल्या दिवशी हरला असेल, तर ज्याच्यामुळे हरलो म्हणायचा तो खजूर खाऊन टाकायचा. कोचचा खजूर त्याने कधीच मांडला नाही. सात देश फिरून आला होता आणि प्रत्येक देशातला मालक म्हणे उतावळा निघाला. कुणी जरा बरं वाक्य बोललं की लगेच वहीत उतरवून घ्यायचा.

इथे आल्या आल्या त्याने पाच वर्षं मागितली. पाचव्या महिन्यात खलास.

विमानतळाच्या वाटेवर त्याने विचारलं, "एकोणीस वर्षं एकाच क्लबात? तुला कसं जमलं?"

मी म्हटलं, "सर, जिथे नेतो म्हणतो, तिथे मी पोचवतो."

मला वाटलं, लागलं बिचाऱ्याला. आरशात पाहिलं, तर वहीत लिहीत होता.

महिन्याभराने तो टीव्हीवर दिसला. नववा देश, नवा क्लब. छातीवर हात ठेवून पत्रकारांना सांगत होता, "माझं तत्त्व साधं आहे. जिथे नेतो म्हणतो, तिथे मी पोचवतो."

टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, तिथल्या ड्रायव्हरने टाकी भरून ठेवावी.