दादाचा ओएस टूचा क्लास

पेणमध्ये कॉम्प्युटर क्लास काढायचाच तर तो विंडोजचा काढावा, एवढं व्यवहारज्ञान आमच्या दादाकडे नव्हतं. आमचा गणपतीचा कारखाना. त्याच्या पुढच्या पडवीत, मातीची धूळ येऊ नये म्हणून प्लॅस्टिकचा पडदा लावून, त्याने दोन मशिनं मांडली आणि त्यांवर विंडोजऐवजी आयबीएमचं ओएस टू चढवलं. मुंबईहून फ्लॉप्यांचा गठ्ठा आणला होता. एकेक घालता घालता अख्खी सकाळ गेली. विंडोज पंच्याण्णवचा नुकता कुठे गाजावाजा सुरू झाला होता, तेव्हाची ही गोष्ट.

दादाचं म्हणणं साधं होतं. एकीकडे फ्लॉपी फॉरमॅट होतेय, दुसरीकडे प्रिंट निघतेय आणि आपण मधे खुशाल टाइप करतोय, हे ज्यावर होतं ते चांगलं. येईल त्याला तो हे करून दाखवायचा. "बघ गो, कुठं अडकतंय का? नाय ना?" मी त्याची पहिली विद्यार्थिनी, त्यामुळे हा खेळ मला ऊठसूट बघावा लागे. मी तोंडाने कुरकुरायचे, पण कंटाळा कधी आला नाही. त्या वेळचा दादाचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

क्लास चालणार याची त्याला खात्री होती, ती आमच्या धंद्यामुळे. घाऊक माल मुंबईला जायचा, पण गावातली आणि खाडीकडची घरं आषाढात आपापला पाट आमच्याकडे आणून ठेवायची. त्या पाटावर त्यांचा गणपती बसायचा. एकदा एका कारखान्यात पाट दिला की दरवर्षी तिथेच, मग शेजारच्याची मूर्ती कितीही देखणी असो. आजोबांच्या वेळची घरं अजून येत होती. ही माणसं आपली मुलं दुसऱ्या क्लासला कशाला पाठवतील, असं दादाला वाटायचं. बाबांनाही तसंच वाटायचं, आणि मलाही.

मग एसटी स्टँडजवळ विंडोजचा क्लास निघाला. त्या आषाढात पाट नेहमीसारखे आले. खाडीकडच्या एक काकू मुलीला घेऊन आल्या, तर मुलीच्या खांद्याला स्टँडजवळच्या क्लासची पिशवी. दादा पिशवीकडे बघतच राहिला. काकू ओशाळल्या.

"गणपती तुमचाच रं बाबा. पन पोरीला नोकरी पायजे. रोह्याच्या कंपनीत सगळी विंडोजच इचारतात."

त्यात चुकीचं काही नव्हतं. दादाने काकूंचा पाट पुसून फळीवर ठेवला.

वर्षभरात क्लासात मी एकटी उरले. दादा मात्र भरल्या वर्गापुढे असल्यासारखा उभं राहूनच शिकवायचा. मला ते बघवायचं नाही.

पुढे मी रोह्याला एका कंपनीत मुलाखतीला गेले. रोह्याच्या आधीचं निडी स्टेशन मागे पडलं तशी मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले. विंडोज येतं का, असं साहेबांनी विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, मला ओएस टू येतं. ते हसले असते तर मी भांडले तरी असते. पण त्यांनी अगदी सरळपणे विचारलं, "ते काय असतं?"

घरी येऊन मी हे दादाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो मला स्वतः स्टँडजवळच्या क्लासात घेऊन गेला. तिथल्या सरांना म्हणाला, "बहीण हाय माझी. विंडोज तेवढं दाखवा, बाकी सगळं येतं तिला." त्या सरांचा मला राग राग करायचा होता, पण ते भले निघाले. त्यांनी दादाला खुर्ची दिली. तो बसला नाही.

मला त्याच कंपनीत नोकरी लागली. पडवीतला पडदा निघाला, मशिनं विकली. मूर्तीकामात दादाचा हात कधी बसलाच नव्हता. शेवटी ओळखीने तोही माझ्याच कंपनीत चिकटला, मी ऑफिसात आणि तो प्लांटमध्ये, शिफ्टला. डबा मात्र आम्ही एकत्र खायचो. कॉम्प्युटरचा विषय आमच्यात निघत नसे.

मग प्लांटमध्येही कॉम्प्युटर बसले, आणि कामगारांना ते शिकवायचं काम साहेबांनी मला दिलं. कँटीनची टेबलं सरकवून वर्ग भरवला. शिफ्ट सुटून माणसं आली. त्यात दादा होता. तिसऱ्या रांगेत, हेल्मेट मांडीवर घेऊन, सगळ्यांसारखा माझ्याकडे बघत.

मी बोलायला उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. कुजबुज सुरू झाली, कोणीतरी हसलंही. तेव्हा दादा हात वर करून उभा राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "मशीन चालू कुठून करायचं?"

मी सांगितलं. त्याने ते मान हलवत, नीट ऐकून घेतलं.