गेणूआबांचे केस

आमच्या थोरल्या चुलत्यांचे, गेणूआबांचे, डोके मी कायम वस्तऱ्याने भादरलेलेच पाहिले. माझ्या जन्माआधी मात्र त्यांचे केस कमरेपर्यंत होते, आणि त्या केसांनीच त्यांना घरातून तोडले. ही हकिगत मला कस्तुराचुलतीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितली. शेवटचे तेवढे मी स्वतः पाहिले.

आम्ही परंदवडीचे. आबा तरुणपणी लोणावळ्याच्या बाजारात चहाच्या दुकानात कामाला होते. मुक्या सिनेमाचे दिवस ते. एक कंपनी भुशीकडच्या कातळावर देवादिकांचे चित्र काढायला आली. बायका त्यात उभ्या राहायला तयार होईनात. कंपनीच्या मालकाने चहा देणाऱ्या आबांचे बारीक मनगट पाहिले आणि विचारले, "देवी होतोस का?"

आबा झाले. लुगडे नेसायला चुलतीनेच शिकवले. निऱ्या कशा धरायच्या, पाऊल केवढे टाकायचे. केसांचा टोप त्यांच्या डोक्यावर नीट बसेना, म्हणून केस वाढवले. देवी व्हायचे त्या दिवशी ते उपाशी राहत. मालक हसायचा. आबा म्हणायचे, "सोंग असलं म्हून काय झालं? देवीचंच हाये न्हवं?"

तळेगावच्या जत्रेत, तंबूत, ते चित्र लागले. बायकांनी पडद्यापुढे ओट्या ठेवल्या. आमचे आजोबा, रखमाजी, पुढे मातीत बसून बघत होते. घरी आल्यावर दारात पाय धुताना आबांना म्हणाले, "पदर चांगला सावरतोस रं." एवढेच. पण त्यानंतर पारावर कोणी "रखमाजी, लेक कदी उजवनार?" असे डिवचले, की आजोबा म्हणत, "तुज्या बायकुनं तिची वटी भरली. तू हात जोड आन गप बस."

दुसरे चित्र अर्धे झाले आणि आजोबा गेले. दहाव्याला पवनेच्या काठी सगळे जमले. आमच्यात थोरल्या मुलाने बापासाठी केस आणि मिशी द्यायची. आबांची मिशी सिनेमापायी आधीच गेलेली, तीही बाप जिवंत असताना. उरले केस. न्हाव्याने वस्तऱ्याला धार लावली. आबांनी अंबाड्यावर हात ठेवला.

"देवी अर्दी ऱ्हायलीया," ते म्हणाले. "राक्षस अजून जित्ता हाये. तेवढं पुरं करतो, मंग हितंच येऊन देतो."

माझे वडील दत्तोबा त्यांचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "दादा, बा एकदाच मरतो."

"ठावं हाये मला. पर देवीला मधीच सोडू कसा?"

मागून कोणी तरी बोलले, "लेक माहेराला आलीया, तिला कशाला वस्तरा लावताय?" लोक हसले. दहाव्याला हसले. माझ्या वडिलांनी पागोटे काढले आणि स्वतः न्हाव्यापुढे बसले.

पिंडाला कावळा शिवेना. उन्हे कलली, तेव्हा दर्भाचा कावळा करून उरकावे लागले. त्या दिवसापासून वडिलांच्या तोंडी एकच, बाचा जीव त्या केसांत अडकला.

आबा भुशीला परत गेले. कातळावर एक बाई उभी होती, त्यांच्याच लुगड्यात, कपाळभर मळवट. कंपनीला खरी बाई मिळाली होती आणि चित्र पहिल्यापासून काढायचे ठरले होते. मालक वाईट नव्हता. म्हणाला, "चहा घेऊन जा, गेणू."

आबा तसेच पवनेवर आले. केस उतरवले, पाण्यात सोडले आणि ओल्या डोक्याने आमच्या दारात उभे राहिले. "दत्तू, बाला पानी देऊ दे."

वडिलांनी आतूनच सांगितले, "बाचं झालं."

पुढे दर पितृपक्षात, आजोबांच्या तिथीला, आबा डोके भादरून लोणावळ्याहून येत आणि ओट्याखाली बसत. वडील आत पाणी देत. आबांच्या ओंजळीवर त्यांनी एकदाही तांब्या कलता केला नाही. मी पान नेऊन द्यायची. आबा ते कपाळाला लावत आणि न जेवता कावळ्यांना ठेवून जात. मी देवापुढे दिवा लावताना मागायची, बाबांचे मन वळू दे. देवाने ऐकले नाही. त्याचेही काही कारण असेल.

बेचाळीस साली आबा लोणावळ्यातच गेले. मूलबाळ नव्हते. वडील आले नाहीत, भावकीतून कोणी पाठवलेही नाही. अग्नी शेजाऱ्याने दिला. दहाव्याला इंद्रायणीच्या काठी भटजी, न्हावी, चुलती आणि मी.

"कोन बसतंय?" न्हाव्याने विचारले.

चुलतीने डोक्यावरचा पदर खाली घेतला, अंबाडा सोडला आणि त्याच्यापुढे बसली. "माजं घे. त्यांनी बाईचं ठेवलं, म्या पोराचं देते."

न्हावी म्हातारा होता. त्याने भटजींकडे पाहिले. भटजींनी आडवी मान हलवली. त्याने वस्तरा पुसून धोकटीत ठेवला. "मावशी, बाईमानसाचं चालत न्हाई."

चुलती उठली नाही. कावळे समोरच्या बाभळीवर होते, ओरडत होते. खाली एकही उतरला नाही. अंधारून आले तसा आम्ही पिंड पाण्यात सोडला. घरी येईपर्यंत तिने केस बांधले नाहीत.