माकडाचा मेंदू प्रतिभाच्या वाट्याला

प्रतिभा चांदोरकर कलकत्त्यातच जन्मली, वाढली आणि तिथल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागली. भवानीपूरच्या मराठी घरांत ‘आपली डॉक्टरीण’ म्हणून तिचं कौतुक होई. १९५४ साली शकुन आली. नवऱ्याची खिदिरपूरला कस्टम्समध्ये बदली झालेली. वयाने धाकटी, प्रतिभाच्याच विभागात रुजू झालेली. हात इतका हलका, की विभागप्रमुख बागचीसर तिच्या टेबलापाशी बघत उभे राहायचे. पूर्वी ते प्रतिभाच्या टेबलापाशी उभे राहत.

त्या हिवाळ्यात सरांनी माणसाच्या आणि माकडाच्या मेंदूतली जोडणी ताडून पाहायचं काम काढलं. फॉर्मलिनमध्ये मुरलेला मेंदू गोठवला की आतले तंतू सुटे होतात. मग बांबूच्या चपट्या काडीने थर सोलत त्यांची वाट शोधायची. माणूस शकुनला मिळाला, माकड प्रतिभाला. त्या संध्याकाळी प्रतिभा घरी आईवर उगाचच खेकसली.

शकुनच्या मेंदूत कपाळामागून निघालेला एक रुंद जुडगा कानामागे वळून खाली उतरलेला दिसला. माणसाच्या बोलण्याशी त्याचा संबंध असावा, असं सर म्हणाले. सगळा विभाग बघायला लोटला. प्रतिभाच्या माकडात तोच जुडगा बारीक, वळणाआधीच संपलेला. तिचा जळफळाट झाला. दालनात कुणी नसताना तिने काडी जरा दाबून ओढली. तंतू मऊ होते, ओढू तिकडे वळले. संध्याकाळपर्यंत माकडाचाही जुडगा कानामागे उतरला.

सर हरखले. हे छापायलाच हवं म्हणाले. शकुन बराच वेळ वाकून बघत होती.

“प्रतिभाताई, मेंदूची दुसरी बाजू माझ्यासमोर सोलाल? मला तुमचा हात बघायचाय.”

तिच्या आवाजात संशय नव्हता, तेच प्रतिभाला जास्त झोंबलं. पण नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी ती बसली. शेजारी शकुन दिवा धरून उभी. जुडगा वळणापाशी आला आणि विरला. काडी जराशी पुढे सरकली, मग थांबली.

“इथेच संपतो तो,” प्रतिभा म्हणाली. “कालचा मी ओढून आणला होता.”

शकुनने दिवा खाली ठेवला. प्रतिभा उठून स्वतःच सरांकडे गेली. ते फार चिडले, कालचा अर्धा भाग त्यांनी टाकून दिला. पण दुसऱ्या बाजूने काम तडीला गेलं: माणसात जी वाट कानामागे उतरते, ती माकडात तिथवर पोचतच नाही. निबंध छापून आला, शकुनचं नाव आधी.

पुढे शकुनच्या नवऱ्याची मद्रासला बदली झाली. प्रतिभा हावड्याला पोचवायला गेली. गाडी हलली तसं तिला मोकळं वाटलं. परतल्यावर पाहते तर विभागाच्या संग्रहालयात मुलं माणसाच्या मेंदूच्या बरणीभोवती जमलेली, आणि आपसांत त्याला ‘शकुनदींचा मेंदू’ म्हणत होती. शेजारच्या माकडाच्या बरणीला कुणाचंच नाव नव्हतं. प्रतिभाने मुलांना वर्गात पिटाळलं आणि त्या दिवशी जरा जास्तच कडक शिकवलं.