पेटीतले दोन वास

इंदापूरच्या पेठेत आमचं तंबाखूचं दुकान होतं. पुढं गादी, गादीमागं पडदा आणि पडद्यामागं आमचं घर. गादीवर माझे सासरे बसायचे. गाव त्यांना चाचा म्हणायचं, मी अब्बा. चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळून नाकाशी नेली की ते सांगायचे, ही निपाणीकडची, ही गुजरातची, ही भिजून पुन्हा वाळवलेली. त्यांनी मान हलवली की व्यापारी पोतं उतरवायचा, नाहीतर हुज्जत न घालता परत न्यायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच्या एका हिवाळ्यात अब्बांना मोठा ताप आला. त्यातून उठून ते पुन्हा गादीवर बसले, त्याच आठवड्यात माझ्या हातून दूध करपलं. सगळं घर वासानं भरलं. मी नाकाला पदर लावून बाहेर आले, तर अब्बा शांतपणे हिशेबाच्या वहीत बघत बसलेले. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "काय झालं गं?"

"दूध करपलंय, अब्बा. वास न्हाय आला?" मी म्हणाले. त्यांनी वही मिटली.

"कुणाला बोलू नको, पोरी. तुझ्या नवऱ्यालासुदिक न्हाय. हे नाक हाय म्हणून दुकान हाय."

माझा नवरा वालचंदनगरला नोकरीला होता, दिवसभर घरात नसायचा. त्यामुळं लपवणं सोपं गेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून अब्बा गंमत म्हणून माझ्यापुढं तंबाखूची चिमटी धरायचे, "वळख बरं," म्हणायचे. तीच गंमत आता कामाला आली. आदल्या दिवशी येऊन पडलेली पोती व्यापारी यायच्या आत मी हुंगायची आणि अब्बांना सांगून ठेवायची. अचानक कुणी आलं तर पडद्याआडून वास घ्यायचा आणि चहा पुढं करायचा. कपाबरोबर बशी असली की माल चांगला, नुसता कप आला की वाईट. सहा-सात महिने असे गेले. कुणाला शंका आली नाही.

मग एका दुपारी दुकानासमोर गाडी थांबली. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे साहेब होते. पूर्वी त्यांच्या पाइपची तंबाखू नुसती हुंगून अब्बांनी ती जुनी असल्याचं सांगितलं होतं, तेव्हापासून त्यांचा अब्बांवर फार विश्वास. त्यांनी एक लाकडी पेटी गादीवर ठेवली आणि कपाळ पुसलं.

"चाचा, सिगार आहेत. क्यूबाचे. मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून मीच मागवलेत. मशीन बघायला परदेशातून पाहुणे आलेत, त्यांना सिगारचा भारी शौक. आज जेवणाआधी मालक स्वतःच्या हातानं देणार. आणि काल मला कुणीतरी म्हणालं, मुंबईत नकली फार निघतात."

"ठेवून जावा. सांजच्याला सांगतो," अब्बा म्हणाले.

"सहाला मला ही घेऊन गेस्ट हाऊसवर पोचायचंय. तुम्ही बघा, मी बसतो इथंच."

पडद्यामागं मी चहाचं आधण ठेवलं. पेटी आत मागवायची सोय नव्हती, साहेब तिला हात लावूनच बसले होते.

अब्बांनी पेटी उघडून वरच्या रांगेतला एक सिगार उचलला. त्यांची बोटं अजून शाबूत होती. कानाशी धरून त्यांनी तो हळूच दाबत फिरवला. बाहेरच्या पानावरून अंगठा नेला, शिरा बघितल्या, ओढायच्या टोकावरची पानाची टोपी बघितली. पान तेलकट, गुळगुळीत, कुठं चीर नाही. नकळत त्यांची मान हलली. मग त्यांनी तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. साहेबांना वाटलं असेल, चाचा वास घेताहेत. खरं तर ते माझ्या चहाची वाट बघत होते.

वास माझ्यापर्यंत आला होता, पण तो एक नव्हता. वरचा वास कोरडा, खोल, जुन्या सागवानी कपाटासारखा. त्याच्या खालून दुसरा येत होता, आंबूस गोड, शिळ्या काकवीचा. हलकी तंबाखू चढी दिसावी म्हणून गुळाचं पाणी मारतात, तो वास मी चांगला ओळखत होते. म्हणजे पेटीत अर्धा माल खरा, अर्धा खोटा, आणि खोटा खाली दडवलेला. आणि अर्ध्यासाठी आमच्याकडं खूण नव्हती.

मी बशी हातात घेतली, परत ठेवली. शेवटी नुसता कप पुढं केला.

अब्बांनी कपाकडं बघितलं. हातातल्या सिगारकडं बघितलं. त्यांची बोटं सांगत होती चांगला, आणि कप सांगत होता वाईट.

"माल बरा न्हाय, साहेब," ते म्हणाले.

साहेब एकदम पुढं सरकले. "काय बरं नाही? ह्यात काय खोट आहे?"

"बरा न्हाय."

"अहो, पण मालकांना काय सांगू? तुम्ही तर आत्ता हातात धरून मान हलवत होतात. हाच घ्या, ह्यात काय वाईट आहे ते दाखवा मला!"

अब्बा सिगार नुसताच बोटांत फिरवत राहिले. त्यांच्या मानेवर घाम आला होता. समोरचा कापडवाला आवाज ऐकून दारात येऊन उभा राहिला. साहेब आता अब्बांच्या तोंडाकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागले होते, आणि ते मला सहन होईना. मी पडदा बाजूला केला.

"अब्बा, वरची रांग चांगली हाय. खालची बघा."

आमच्या घरातली बाई गिऱ्हाईक बसलेलं असताना कधी दुकानात आली नव्हती. साहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा आत..."

अब्बांनी हात वर करून त्यांना थांबवलं. हातातला सिगार त्यांनी पेटीत परत ठेवला. मग सरळ, समोरच्या कापडवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"साहेब, माझं नाक गेलंय. तापात गेलं. सात म्हैनं झालं, वास हीच घेती. हिला इचारा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. पेटी माझ्याकडं सरकवली.

मी वरची रांग उचलून बाजूला ठेवली. खालचे सिगार तसेच दिसत होते, तीच सोनेरी पट्टी, तोच रंग. पण वास अंगावर आला. मी अडकित्ता मागितला. साहेब "अहो, अहो" म्हणेपर्यंत एक उभा चिरला. आतून चुरा सांडला, बिडीच्या कारखान्यात झाडून काढतात तसला. वरचा एक चिरला, तर अख्खी लांब पानं, एकावर एक घडी घातलेली.

"पण ओढायला कसा आहे? खरा असून बिघडला असला तर?" साहेबांनी विचारलं. आता ते माझ्याशी बोलत होते.

ते ओढल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि नाक गेल्यापासून अब्बांच्या जिभेला नुसतं कडू लागायचं. रस्त्यावरून दिसू नये म्हणून अब्बांनी दुकानाची फळी अर्धी लावली. वरच्या रांगेतल्या एका सिगारची टोपी अडकित्त्यानं उडवली आणि काडीची ज्योत लांब धरून टोक हळूहळू फिरवत भाजलं. मग सिगार माझ्यापुढं धरला.

"धूर गिळू नको. तोंडात खेळव आन् सोड."

पहिल्या झुरक्याला डोळ्यांत पाणी आलं, पण खोकला आला नाही. दुसऱ्याला चव लागली. शेंगदाणे भाजताना सालं करपतात तशी आधी, मग कोऱ्या कातड्याची, आणि अगदी शेवटी जिभेच्या मुळाशी थोडी मिरी. राख पांढुरकी, घट्ट, बोटभर वाढली तरी पडेना. मी एकेक सांगत गेले. अब्बा डोळे मिटून ऐकत होते, आणि मधूनच विचारत होते, "घशाला लागतो का? ओढताना जोर पडतो का?"

"न्हाय, अब्बा. एकसारखा जळतोय."

"खरा हाय, साहेब," ते म्हणाले. "वरचं तेवढं न्या."

साहेबांनी वरचे सिगार दुकानातल्याच एका डब्यात घातले आणि गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली. मी आत जाऊन चार वेळा चूळ भरली. तोंडातली चव दिवे लागेपर्यंत गेली नाही.

आठ-दहा दिवसांनी साहेब परत आले. पाहुण्यानं सिगार पेटवला, दोन झुरके घेतले आणि मशीनचं बोलता बोलता बशीत विझवला, असं त्यांनी सांगितलं. चांगला म्हणाला नाही, वाईटही म्हणाला नाही. सांगून ते स्वतःच हसले.

पेठेत मात्र बातमी त्याच संध्याकाळी पसरली होती. नवरा घरी आला तो चिडलेला. ओढलेल्या धुराचा त्याला तितका राग नव्हता, माझ्या गप्प राहण्याचा होता. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. एका जुन्या व्यापाऱ्यानं भिजकी पोती पाठवून बघितली. ती मी परत पाठवली. दुसऱ्या एकानं बाईच्या नाकावर माल विकणार नाही म्हणून आमच्याकडं येणंच सोडलं.

अब्बांनी कुणाला समजावलं नाही. पुढच्या बाजारादिवशी त्यांनी गादीमागचा पडदा काढून घडी घालून ठेवला, आपला लोड जरा डावीकडं सरकवला आणि मला हाक मारली. आलेल्या व्यापाऱ्यापुढं पोत्याचं तोंड सोडून ते म्हणाले, "घाल हात, पोरी."