उम्म लैसचं प्रमाणपत्र

मफ्रकजवळच्या निर्वासितांच्या छावणीत रुदैनाला तिच्या नावानं कुणी हाक मारत नसे. थोरल्या मुलावरून ती उम्म लैस, लैसची आई. युद्धात सरहद्दीपलीकडच्या दराआहून पळून येताना चार वर्षांचा लैस वाटेतच गेला. नाव तेवढं राहिलं.

दराआत ती बालवाडीत शिकवायची. घर जळालं, त्यात कॉलेजचे कागदही गेले. इथं दहा वर्षं टोमॅटोच्या शेतावर मजुरी. अशात कळलं, की परदेशातल्या एका विद्यापीठाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम फोनवर फुकट आहे आणि तो जुना एकही कागद मागत नाही. वर, तो पुरा करणाऱ्या बारा जणींना शहरातलं कॉलेज शिक्षिका होण्याच्या वर्गात घेणार. त्या दिवशी ती नमाजाच्या चटईवरून लवकर उठलीच नाही.

नोंदणी करताना जाऊ खिताम शेजारी मसूर निवडत बसली होती.

"नाव काय घालू गं?"

"उम्म लैस घाल की! जगभरचे पुरुष वाचणार, बाईचं खरं नाव कशाला चव्हाट्यावर मांडतेस?"

रुदैनालाही ते पटलं. लाजच वाटली होती तिला.

मग आठ महिने. दुपारी वीज आली की ती फोन घेऊन बसायची. व्हिडिओ निम्म्यात अडकून गोल गोल फिरत राहायचा. सोबत सुरुवात केलेल्या छावणीतल्या चौदा जणी एकेक करून गळाल्या. खिताम चिडवायची, "आमच्या प्रोफेसरीणबाईंनी आजपण डाळ करपवली!" पण शंभरात एक्याण्णव मिळाल्याचं कळलं, तेव्हा आख्खी गल्ली दणाणेल अशी आनंदाची किलकारी तिनंच दिली.

कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी प्रमाणपत्र ओळखपत्राशेजारी ठेवलं.

"ही उम्म लैस कोण?"

"मीच."

"उम्म लैस तर आमच्या गल्लीतही दोन आहेत, बाई. नाव बदलून आणा."

"विद्यापीठाला लिहिलं होतं. म्हणतात, प्रमाणपत्र दिल्यावर नाव बदलत नाहीत. आणि तो अभ्यासक्रम आता बंद झालाय."

"मग मुलाचा जन्मदाखला आणा. त्यावर आईचं नाव असेलच."

"जळाला."

"मुलालाच घेऊन या. त्याच्या ओळखपत्रावरून बघू."

"तो नाही."

"कुठं असतो?"

"पुरलाय. सरहद्दीच्या अलीकडे की पलीकडे, तेही नक्की सांगता येत नाही."

बाईंनी चष्मा काढला. "अल्लाह त्याच्यावर रहम करो." मग कागद हळूच बाहेर सरकवले. "मी काय करू, बहिणी? मला कागदच लागतो."

"मग माझी परीक्षा दिली कुणी?"

रांगेतल्या मागच्या मुलीनं आपले कागद पुढं केले.

घरी खितामनं दारातच विचारलं. रुदैनानं नकारार्थी मान हलवली.

"माझ्यामुळं झालं," खिताम म्हणाली.

रुदैना तिला 'नाही' म्हणाली नाही. रविवारी कॉलेजच्या यादीत बाराव्या जागेवर दुसरीचं नाव लागलं, आणि सोमवारी शेताच्या गाडीत दोघी जावा शेजारी बसल्या.